आठवा बोल्ट

मालवणहून ट्रकवर निजून आलेली वॉटर स्कूटर
सक्करदऱ्यात माझ्या शेडखाली पडलीय,
पोट उघडं, सीट भिंतीला उभी.
उमरेडकर म्हणाले, सेकंडहँड आहे, पण मशीन झकास,
पंधरा दिवसांत तलावात पाहिजे.
पंधरातले नऊ एकाच बोल्टपाशी गेले.

सायलेन्सरच्या गळ्याशी, पार खाली,
जिथं हात गेला तर डोळे पोचत नाहीत
आणि डोळ्यांना बघायचं तर हात बाहेर काढावा लागतो.

सात सुटले. कुरकुरले, पण सुटले.
आठव्याला पाना लावला तेव्हा जेवायची वेळ झालेली,
आणि हाताला एकदम मऊ लागलं.
ज्यानं जन्मभर पाने फिरवले त्याला ठाऊक असतं,
सुटणारा बोल्ट आधी अडतो, भांडतो.
तुटणारा लोण्यासारखा वागतो.
मला कळलं होतं.
तरी पाव आटा अजून फिरवला.

टक्.

डोकं सॉकेटमध्ये, धड इंजिनात,
सूतभर खुंट बाहेर.
निकेशनं माझ्याकडं पाहिलं नाही. पोरगं शहाणं आहे,
कूलरमध्ये पाणी टाकायला उठून गेलं.

मग गंजाचं तेल, थेंब थेंब, रात्रभर.
मग टॉर्चची निळी जीभ, तापल्या लोखंडावर मेणबत्ती.
मेण वितळून आट्यांत शिरतं, म्हणतात.
शिरलं असेल.
मे महिना, पत्र्याखाली सेहेचाळीस,
आणि मी त्यात लोखंड तापवत बसलेला,
त्याला नमकहराम म्हणत, आणि त्याहून वाईटही.

इतवारीतून उलट्या धारेचा ड्रिल आणला.
ड्रिल फिरला, बोल्ट नाही.
दुकानदार म्हणत होता, इझी-आउट न्या ना, सगळेच नेतात.
नाही नेला. तो आत मोडला की छिन्नीलाही ऐकत नाही;
चोर काढायला विहिरीत उतरवलेला शिपाईच
खाली अडकून बसावा, तसं ते.

नवव्या दिवशी गड्डीगोदामचे हेडाऊकाका आले,
लुनावर, मांडीवर वेल्डिंगचा काळा चष्मा.
खुंटावर नट ठेवला, नटाच्या पोटात टाका भरला.
पहिला उपटला. दुसराही.
तिसऱ्यावर मी पाना उचलला तर मनगट धरलं.
"घाई करू नोको बे. थंड होऊ दे त्याले.
तुले कोणी असं ओढलं असतं, तं सुटला असता का तू?"

चहा प्यायलो. दुसरा कप आला.
काका जावयाबद्दल काहीबाही सांगत राहिले.

मग आधी घट्ट, केसभर.
मग सैल.
पुन्हा घट्ट.
कुर्र झालं.
निकेशनं कूलर बंद केला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

आला बाहेर. करंगळीच्या पेराएवढा.
आट्याआट्यांत पांढरा भुगा.
"हे जंग होय का, भाऊ?"
बोट लावलं, जिभेला टेकवलं.
तेल, मेण, जळका धूर,
आणि सगळ्याखाली
खारट.

पंचावन्न वर्षांचा झालो, समुद्र पाहिलेला नाही.
इथून कुठल्याही दिशेला निघा, तो लांबच.
आणि हा एवढासा खुंट,
ज्याचं मीठ खाल्लं त्याला नऊ दिवस जागला.
मी काय काय बोललो त्याला.

नव्या बोल्टला कॉपर ग्रीस जरा जास्तच लावलं.
दहा वर्षांनी कुणीतरी तो सोडवेल,
एका हातानं, शिवी न देता,
आणि त्याला वाटेल, बोल्ट असे सुटतातच.

नऊ दिवसांच्या मजुरीचे उमरेडकरांनी चार केले.
असो.
तो तुकडा माझ्या गल्ल्यात आहे, चिल्लरीत.
आभाळ भरून आलं की
अजून त्याला पाणी सुटतं,
शेजारची नाणी ओली होतात.